स्वस्त नौका, महाग विमाने

2025 च्या फेब्रुवारीत इराणने एका कंटेनरवाहू जहाजावर धावपट्टी बांधून तयार केलेली 'शाहिद बाघेरी' ही ड्रोनवाहू नौका आपल्या ताफ्यात दाखल केली, तेव्हा पुष्कळांना ती गरिबाची युक्ती वाटली. वस्तुतः ही युक्ती प्रथम योजिली ती त्या काळच्या सर्वांत श्रीमंत आरमारांनी. 'बेन-माय-क्री' या ब्रिटिश नौकेचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे आणि तिसऱ्या विमानवाहू नौकेविषयी आपल्याकडे चाललेल्या वादातही तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

1908 साली बांधलेली ही बोट मूळची लिव्हरपूलहून आयल ऑफ मॅन या बेटाकडे उतारू नेणारी. तिच्या मँक्स भाषेतील नावाचा अर्थ 'माझी लाडकी' असा. (युद्धनौकेला असे नाव शोभत नाही, परंतु आरमाराने ते बदलले नाही.) अडीच हजारांहून अधिक प्रवासी घेऊन ती ताशी चोवीस नॉटच्या वेगाने जात असे. 1915 च्या आरंभी आरमाराने ती भाड्याने घेतली. मागच्या अंगाला विमानांची शेड उभारली, याऱ्या बसविल्या, आणि काही महिन्यांतच ती दार्दानेल्सच्या मोहिमेवर रवाना झाली.

तिची कार्यपद्धती आज बोजड वाटेल. चाकांऐवजी तरंडे लावलेले विमान यारीने समुद्रात सोडावयाचे, त्याने पाण्यावरून उड्डाण करावयाचे आणि परतल्यावर पुन्हा यारीनेच त्याला वर घ्यावयाचे. एवढा वेळ नौकेला जवळजवळ थांबून राहावे लागे. लाटा थोड्या उसळल्या की सारा बेत फसे. तरीही 12 ऑगस्ट 1915 रोजी चार्ल्स एडमंड्स या वैमानिकाने या नौकेवरील 'शॉर्ट' बनावटीच्या विमानातून पाणतीर सोडून मार्मारा समुद्रातील एका तुर्की जहाजाचा वेध घेतला. पाणतीराच्या वजनामुळे निरीक्षकाला मागे ठेवावे लागले होते. ते जहाज एका पाणबुडीने आधीच जायबंदी केलेले होते, त्यामुळे श्रेयाविषयी थोडा वाद राहिला. पाच दिवसांनी एडमंड्सने पुन्हा तसाच हल्ला केला. त्याच दिवशी डेकर या दुसऱ्या वैमानिकाचे इंजिन बिघडले. त्याने पाण्यावर उतरून तरंगत्या विमानातूनच पाणतीर सोडला, एक टगबोट बुडविली आणि मग उड्डाण करून परतला!

शेवट मात्र साध्या तोफांनी केला. 11 जानेवारी 1917 रोजी ही नौका कास्तेलोरिझो बेटाच्या बंदरात नांगरून उभी होती. बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते, पण समोरचा तुर्की किनारा जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. तेथून तोफा सुरू झाल्या, शेडमधील पेट्रोलने पेट घेतला आणि नौका बंदरातच बुडाली. खलाशी बचावले. 2022 च्या एप्रिलमध्ये युक्रेनच्या किनाऱ्यावरून सुटलेल्या क्षेपणास्त्रांनी रशियाची 'मोस्क्वा' बुडाली, तेव्हा मोठ्या नौकांचे युग संपल्याची भाषा झाली. किनारा नौकेला भारी पडतो ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होती. तरीही त्यानंतर विमानवाहू नौकांचा विस्तारच झाला. म्हणून बुडण्याच्या शक्यतेवरून नौकेची उपयुक्तता ठरविणे मला सयुक्तिक वाटत नाही.

खरा प्रश्न खर्चाच्या रचनेचा आहे. आपली नवी 'विक्रांत' सुमारे 20 हजार कोटी रुपयांत तयार झाली. तिच्यासाठी म्हणून 2025 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सशी 26 'राफेल मरीन' विमानांचा जो करार झाला, तो सुमारे 63 हजार कोटींचा. यात शस्त्रे, प्रशिक्षण आणि देखभालही आहे, हे मान्य. तरी नौकेच्या तिप्पट रक्कम तिच्यावरील विमानांना लागते, हे वादात क्वचितच सांगितले जाते. नौकेचा पैसा बव्हंशी देशात फिरतो, कोचीच्या कामगारापर्यंत पोचतो. विमानांचा बराचसा बाहेर जातो. तिसरी नौका मागणाऱ्यांनी तिच्यावरील विमाने कोठून येणार आणि ती किती वर्षे उपयोगी पडणार, हा हिशेब आधी मांडावयास हवा.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. ब्रिटनला काही महिन्यांत उतारू बोट युद्धास जुंपता आली, याचे कारण आरमाराच्या हुशारीत कमी आणि व्यापारी जहाजबांधणीच्या सुबत्तेत अधिक होते. बोटी, गोद्या, कारागीर, सारे तयार होते. आपल्या 'विक्रांत'ची बांधणी 2009 साली सुरू झाली आणि ती 2022 साली नौदलात आली. जगाच्या जहाजबांधणीत आपला वाटा एक टक्काही नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या उद्योगासाठी 69 हजार 725 कोटींची योजना मंजूर केली. ही रक्कम 'राफेल मरीन'च्या करारापेक्षा फार मोठी नाही, आणि ती अनेक वर्षांत विभागून खर्च व्हावयाची आहे. या योजनेतून व्यापारी जहाजे बांधणाऱ्या गोद्या खरोखरच उभ्या राहिल्या, तर तिसऱ्या नौकेचा निर्णय आणखी चार-पाच वर्षे लांबला तरी फारसे बिघडणार नाही. त्या उभ्या राहिल्या नाहीत, तर तिसरी नौकाही तेरा वर्षेच घेईल, आणि तोवर तिच्यावर कोणती विमाने असावीत याचे उत्तर बदललेले असेल.