‘एम.एस.’ला पाठवण्याआधी

मुलाने बी.ई. केले, मुलीने बी.एस्सी. आय.टी. केले, आता कॉम्प्युटरमध्ये एम.एस. करायला परदेशी पाठवायचे आहे, तर कोणते विद्यापीठ चांगले? हा प्रश्न हल्ली आमच्या शाळेचे जुने पालकही विचारतात. मी म्हणते, विद्यापीठाचे नाव जरा बाजूला ठेवा. पैसा कुठून येणार आणि डिग्रीनंतर त्या देशात काम करायला किती दिवस मिळणार, हे दोन हिशेब आधी मांडा.

अमेरिकेत शिक्षण संपल्यावर ओ.पी.टी. म्हणून एक वर्ष काम करता येते. कोर्स तिथल्या सरकारच्या ‘स्टेम’ यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. इथेच पुष्कळ जण फसतात. कोर्सच्या नावात ‘टेक्नॉलॉजी’ आहे म्हणून तो यादीत असेलच असे नाही. प्रत्येक कोर्सला सी.आय.पी. कोड असतो, कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१. प्रवेश मिळाल्यावर तो आय-२० या कागदावर दिसतोच, पण तोवर थांबू नका. अर्जाआधीच विद्यापीठाला ई-मेल करून विचारा. कर्ज काढलेल्या घरासाठी एक वर्ष आणि तीन वर्षे यांतला फरक फार मोठा आहे. पुढे एच-१बी आहेच, पण त्याच्या वर्षाला ८५,००० जागा आणि मागणारे त्याहून कितीतरी जास्त.

कर्जाचा विषय आपल्याकडे नाजूक. अब्बा व्याज नको म्हणतात आणि मुलगा त्यांना जुन्या विचारांचे ठरवतो. मला अब्बांचे म्हणणे साफ हिशेबानेही पटते, कारण नोकरी लागो न लागो, हप्ता थांबत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरचे शिक्षणकाळातले व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. आजही कोणी एजंट तिचा हवाला देत असेल, तर तिथून उठून या.

अशा घरांनी जर्मनीचा विचार जरूर करावा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. अपवाद आहेत: स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात येतात तिथे परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण ही रक्कम तुमचीच. मुलाला ती दरमहा ९९२ युरोप्रमाणे वापरायला मिळते. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. एजंट मात्र सरकारी विद्यापीठे क्वचितच सुचवतात, कारण त्यांना कमिशन सहसा खासगी कॉलेजांकडून मिळते. ‘जर्मनी’ म्हणत भरमसाट फीचे खासगी कॉलेज गळ्यात मारणारेही आहेत. कॉलेज सरकारी की खासगी, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची. जर्मन विद्यापीठे नुसती टक्केवारी बघत नाहीत. गणिताचे किती क्रेडिट, थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्सचे किती, हे मोजतात. त्यामुळे मेकॅनिकलच्या हुशार मुलालाही डेटा सायन्सला नकार येऊ शकतो. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांनी तर प्रत्येक कोर्सची अट वेगळी वाचावी. आपल्या विद्यापीठाचा सिलॅबस आजच डाउनलोड करून ठेवा. आणि कोर्स इंग्रजीत असला तरी बऱ्याच नोकऱ्या जर्मन बोलणाऱ्याला मिळतात, म्हणून भाषेचा क्लास इथूनच सुरू करावा. घरात उर्दू, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांना चौथ्या भाषेची धास्ती कशाला?

मुलीला एकटीला कसे पाठवायचे, असे आया दबक्या आवाजात विचारतात. काळजी रास्त आहे. पण तिचे ॲडमिशन त्या कारणाने अडवण्याआधी त्या शहरात शिकणाऱ्या दोन मुलींशी फोनवर बोला. हॉस्टेलची खोली कधी मिळते, भाडे किती, रात्री बस असते का, हे त्यांच्याइतके नीट कोणी सांगणार नाही.

आता कागदपत्रे. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस. पडताळणी लागते, तिला वेळ द्या. आणि नावाचे स्पेलिंग आजच तपासा. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर ‘शेख’ एका प्रकारे, पासपोर्टवर दुसऱ्या प्रकारे, आणि वडिलांचे नाव कधी मध्ये तर कधी गायबच. बोर्डाकडून ही दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात, आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.