पाहुण्यांना मुभा, यजमानांना मज्जाव

चीनच्या वायव्य टोकाला असलेल्या शिनजियांग उइगुर स्वायत्त प्रदेशाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ५८ लाख आहे. सरकारी आकडेवारीनुसार याच प्रदेशाला २०२४ मध्ये पर्यटकांनी ३० कोटींहून अधिक भेटी दिल्या. म्हणजे एका रहिवाशामागे अकरा-बारा पाहुणे! अशा हिशेबात एकच प्रवासी अनेक ठिकाणी मोजला जातो हे गृहीत धरले, तरी ओघ प्रचंड आहे यात शंका नाही. त्यातील बहुसंख्य पर्यटक चीनचेच असतात. तथापि परदेशी पाहुण्यांसाठीही दारे उघडण्याचे धोरण अध्यक्ष शी जिनपिंग यांनी ऑगस्ट २०२३ मधील उरुमची भेटीत जाहीरपणे मांडले. नेमके त्याच्या वर्षभर आधी, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने या प्रदेशातील कारवाया 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ठरू शकतात, असा निष्कर्ष काढला होता. एकाच भूमीची ही दोन चित्रे परस्परांना छेद देणारी वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत.

या प्रदेशाचे आकर्षण मात्र कृत्रिम नाही. क्षेत्रफळ सुमारे १६ लाख ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चीनचा सहावा हिस्सा आणि महाराष्ट्राच्या पाचपटीहून अधिक. मधोमध तिएनशान पर्वताची रांग, दक्षिणेला कुनलुन, पश्चिमेला पामीर आणि या सर्वांच्या कुशीत तकलामकानचे वाळवंट. हे वाळवंटच आकाराने महाराष्ट्राहून किंचित मोठे आहे. त्याच्या कडेकडेने काश्गर, यारकंद, खोतान, कुचा ही शहरे वसली ती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याच्या आधारावर. समुद्रसपाटीपासून १५४ मीटर खाली गेलेल्या तुर्फानच्या खोलगट प्रदेशात 'कारेझ' नावाचे भूमिगत पाट आजही डोंगराचे पाणी द्राक्षमळ्यांपर्यंत पोहोचवतात. बौद्ध ग्रंथांचा थोर अनुवादक कुमारजीव कुचाचा. पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएनत्संग भारतातून परतताना काश्गर आणि खोतान या मार्गानेच गेला. पुढे येथे इस्लाम रुजला आणि अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाणारी उइगुर ही तुर्की कुळातील भाषा या मरूद्यानांची बोली झाली. 'मुकाम' ही उइगुरांची गायन-वादन-नृत्याची अभिजात परंपरा युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवली.

चीनने हा दुर्गम प्रदेश प्रवाशांच्या आवाक्यात आणला, हेही मान्य केले पाहिजे. जून २०२२ मध्ये खोतान-रुओचियांग रेल्वेमार्ग सुरू झाला आणि तकलामकानला वेढा घालणारे २,७१२ किलोमीटरचे लोहमार्गाचे वर्तुळ पूर्ण झाले. तिएनशान ओलांडणारा ५६१ किलोमीटरचा दुशांझी-कुचा रस्ता वर्षातील मोजके महिनेच खुला असतो. त्या काळात तेथे वाहनांच्या रांगा लागतात. उत्तरेकडील आल्ताय भागातील कझाक पशुपालकांच्या जीवनावरील एक दूरचित्रवाणी मालिका २०२४ मध्ये गाजली आणि शहरी चिनी तरुणांची पावले त्या कुरणांकडे वळली. हॉटेले, वाहनचालक, खानावळी, वाद्ये घडवणारे कारागीर या साऱ्यांच्या हाती त्यातून पैसा येतो आणि त्यात उइगुरही आहेत.

या पर्यटनाची पार्श्वभूमी मात्र हिंसाचाराची आहे. जुलै २००९ मध्ये उरुमचीत उसळलेल्या दंगलीत सरकारी आकड्यानुसार १९७ लोक मरण पावले. मार्च २०१४ मध्ये कुनमिंग रेल्वे स्थानकावर झालेल्या चाकूहल्ल्यात ३१ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी मे महिन्यात उरुमचीच्या बाजारात स्फोट झाले. हा दहशतवादच होता आणि कोणतेही सरकार त्याकडे डोळेझाक करू शकले नसते. परंतु त्यानंतर जे घडले ते गुन्हेगारांच्या शोधापुरते राहिले नाही. २०१७ पासून उभारलेल्या छावण्यांत दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकांना डांबण्यात आले, असा बाहेरच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. चीनने आधी या छावण्यांचे अस्तित्वच नाकारले. नंतर ती 'व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे' असल्याचे सांगितले आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्व प्रशिक्षणार्थी 'उत्तीर्ण' झाल्याची घोषणा केली. तत्पूर्वी, २०१६ च्या अखेरीपासून, रहिवाशांना आपली पारपत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघाले होते. अलीकडे काहींना ती परत मिळत आहेत, परंतु परदेशी जाण्यासाठी कारण, मुदत आणि परवानगी यांचा काच कायम आहे.

प्रश्नाचे मूळ येथे आहे. शिनजियांगमध्ये प्रवासाची परंपरा पर्यटन खात्याने आणलेली नाही. वाळवंटाच्या कडेला, कधी थेट वाळूच्या टेकड्यांत, सूफी संतांचे आणि वीरपुरुषांचे 'मझार' होते. ठरावीक ऋतूत हजारो उइगुर शेतकरी, कारागीर आणि गायक तेथे चालत जात. नवस बोलत, काठ्यांना चिंध्या-पताका बांधत, कथाकारांकडून संतचरित्रे ऐकत. यारकंद आणि काश्गर यांच्या दरम्यानच्या वाळवंटातील ओर्दाम पादशाह हा त्यांपैकी एक मोठा मझार. खोतानजवळचा इमाम आसिम हा दुसरा. ओर्दामची यात्रा १९९७ मध्येच बंद करण्यात आली होती. पुढे ही दोन्ही स्थाने उद्ध्वस्त झाल्याचे उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतून दिसून आले. वारी म्हणजे केवळ देऊळ नव्हे, तर वाट, सोबत आणि अभंगही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मझारांच्या बाबतीत वाट गेली, सोबत गेली आणि वास्तूही गेली.

या यात्रांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या विदुषीचे नाव राहिले दावुत. त्या उरुमचीच्या शिनजियांग विद्यापीठात प्राध्यापक होत्या. गावोगाव हिंडून त्यांनी मझारांची आणि लोककथांची नोंद केली. त्यांचे काम चीनच्या सरकारी संस्थांनीही एकेकाळी वाखाणले होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात आणल्याच्या आरोपावरून त्यांना जन्मठेप झाल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झाले. उइगुर संस्कृती पाहण्याचे आमंत्रण साऱ्या जगाला आणि ती जाणणारी व्यक्ती तुरुंगात, या विसंगतीचे उत्तर कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत सापडत नाही.

जे राखले गेले त्याचेही स्वरूप पालटले आहे. काबूलमध्ये चित्रीकरण शक्य नसल्याने 'द काइट रनर' या चित्रपटासाठी ज्या काश्गरच्या गल्ल्या निवडल्या गेल्या, त्या जुन्या शहराची पाडापाडी २००९ मध्ये सुरू झाली. भूकंपाचा धोका हे कारण दिले गेले आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. परंतु हजारो कुटुंबे हलवली गेली, मातीची घरे जाऊन विटांची रेखीव घरे आली आणि २०१५ मध्ये या नव्या 'जुन्या शहरा'ला पर्यटनस्थळांचा सर्वोच्च राष्ट्रीय दर्जा मिळाला. १४४२ मध्ये बांधलेली ईदगाह मशीद तिकीट काढून पाहता येते. होतानमध्ये २०१८ साली पाडलेल्या मशिदीच्या जागेवर एका आंतरराष्ट्रीय साखळीचे हॉटेल उभे राहण्यावरून २०२१ मध्ये अमेरिकेत वाद झाला. 'मेश्रेप' या गावमेळ्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. गाणे, विनोद, न्यायनिवाडा आणि संस्कार यांचे ते लोकपीठ. १९९५ मध्ये गुलजा भागात तरुणांनी स्वतःहून चालवलेल्या मेश्रेपांवर बंदी आली. पुढे २०१० मध्ये चीननेच मेश्रेपचे नाव युनेस्कोच्या 'तातडीने जपण्याच्या' यादीत घालून घेतले. लोकांनी भरवला तर संशय, खात्याने भरवला तर वारसा!

चीनचा युक्तिवाद असा की, पर्यटक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात आणि पाश्चात्त्यांचा अपप्रचार गळून पडतो. पर्यटक जे पाहतो ते खोटे नसते. बाजार खरा, डफ खरा, नानही खरी. पण तुरुंगातला माणूस, परदेशी मुलाशी फोनवर बोलायला धजावत नसलेली आई, पाटीवरून पुसलेले गावाचे नाव या गोष्टी त्याला दिसणार कशा? 'ह्यूमन राइट्स वॉच'ने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ६३० गावांची धार्मिक वा सांस्कृतिक नावे बदलून 'ऐक्य', 'आनंद' अशी नावे दिल्याचे आढळले. नवख्या प्रवाशाला नवे नाव हेच जुने वाटते. डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा येथे अपुरा पडतो, कारण येथे अनुपस्थिती पाहावी लागते.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. लेह-यारकंद व्यापार काराकोरम खिंडीतून शतकानुशतके चालला. आज त्याच शिनजियांगला तिबेटशी जोडणारा, १९५७ मध्ये पूर्ण झालेला महामार्ग भारताचा दावा असलेल्या अक्साई चीनमधून जातो आणि चिनी मोटारप्रवाशांचा तो आवडता मार्ग झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये होतान विभागात दोन नवे तालुके जाहीर झाले. त्यांचा काही भाग लडाखचा असल्याने भारताने जानेवारी २०२५ मध्ये निषेध नोंदवला. प्रवासी, रस्ते आणि तालुके यांच्या आधारे ताबा पक्का करण्याची ही रीत दिल्लीने ओळखायला हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये मानवी हक्क परिषदेत शिनजियांगवर चर्चा घेण्याचा प्रस्ताव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. दुसऱ्याच दिवशी शिनजियांगच्या जनतेच्या हक्कांचा आदर राखला जावा, असे परराष्ट्र मंत्रालयाने म्हटले. एखाद्या देशाविरुद्धच्या ठरावावर मत न देण्यामागे भारताचे स्वतःचे हिशेब असतात. पण चर्चा होऊच नये, या बाजूला त्या तटस्थतेचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आहे. उद्या मराठी प्रवासीही काश्गरला जातील आणि त्यांनी जाऊ नये असे म्हणण्याचे कारण नाही. बहिष्काराने मझार उभे राहणार नाहीत आणि वाद्ये घडवणाऱ्याची चूल मात्र विझेल. परंतु शिनजियांग मोकळे झाले की नाही, याची कसोटी तेथे किती पाहुणे आले ही नव्हे. काश्गरचा सामान्य उइगुर कोणाचीही परवानगी न घेता मझाराला, मक्केला किंवा परदेशातील आपल्या मुलाकडे जाऊन परत येऊ शकतो काय, हीच खरी कसोटी आहे. आज तरी तिचे उत्तर नकारार्थी आहे.