पाड्यावरची मिस्सा आणि आपण

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांतून 'मिशन भेटी'च्या बसगाड्या निघतात. पुढच्या काचेखाली कापडी फलक बांधला जातो, जुन्या कपड्यांची गाठोडी, बिस्किटांचे पुडे आणि वह्यांचे गठ्ठे चढवले जातात, आणि शे-दीडशे माणसे जपमाळ म्हणत डहाणू-तलासरीच्या नाहीतर जव्हार-मोखाड्याच्या वाटेला लागतात. दुर्गम पाड्यावरच्या आदिवासी बांधवांसोबत मिस्सात सहभागी व्हायचे, भेटवस्तू द्यायच्या आणि दिवस मावळायच्या आत परतायचे, असा हा कार्यक्रम. या भेटींविषयी कौतुकाखेरीज दुसरे काही लिहिलेले आमच्या वाचनात नाही. आम्ही स्वतः अशा अनेक भेटींत सामील झालो आहोत आणि असेच कौतुकाचे अहवाल आम्हीही लिहिले आहेत. तेव्हा पुढे जे कठोर शब्द येतील, ते प्रथम आम्हांलाच लागू आहेत.

अलीकडच्या एका भेटीची हकिगत सांगतो. त्या वारली पाड्यावर पक्के चर्च नाही. पत्र्याखाली कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले प्रार्थनाघर आहे. आम्ही पोहोचण्यापूर्वी तिथल्या बायकांनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र रेखले होते: गव्हाणी, मेंढपाळ, शेळ्या, आणि वर एक तारा. आमच्यातील कार्यकर्त्यांनी वेळ न दवडता त्याच भिंतीवर आमच्या धर्मग्रामाच्या नावाचा फलक ताणून बांधला. तारा तेवढा वर दिसत राहिला. गव्हाणी झाकली गेली. हे कुणाच्या लक्षात आले नाही, आमच्याही नाही. घरी आल्यावर छायाचित्रे पाहताना ते ध्यानात आले.

पाड्यावरचा एक म्हातारा तारपा घेऊन आला होता. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. अर्पणविधीच्या वेळी पाड्यावरच्या लोकांनी आपले गाणे म्हणावे, असे तिथल्या सिस्टरांनी सुचवले. आमच्या गायकवृंदाच्या प्रमुखांनी विचारले, "किती मिनिटे लागतील?" मग असे ठरले की मिस्सा झाल्यावर मनोरंजनाच्या कार्यक्रमात तारपा घ्यावा. त्याप्रमाणे मिस्सात आमचीच आठ गीते, आमचाच कीबोर्ड आणि आमचेच वाचक झाले. पुढच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो, मागे जमिनीवर ते बसले. स्वतःच्या प्रार्थनाघरात ती माणसे पाहुण्यासारखी गप्प होती, आणि परतीच्या बसमध्ये आम्ही एकमेकांना सांगत होतो, "किती साधी, किती शांत श्रद्धा!"

ती शांतता श्रद्धेची होती की संकोचाची, हा प्रश्न आम्हांला पडायला हवा होता.

'सोबत' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. एका छपराखाली बसल्याने सोबत घडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात भाविकांनी मिस्सात मूक प्रेक्षक होऊन बसू नये, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागी व्हावे, असा आग्रह धरला आहे. निरनिराळ्या जनसमूहांचे गुण आणि परंपरा यांचा उपासनेत आदर राखावा आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य स्थान द्यावे, हेही तिथे स्पष्टपणे म्हटले आहे. या दस्तऐवजाला साठ वर्षे उलटून गेली. लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा ऐकण्याचा अधिकार त्यातूनच आपल्याला मिळाला. तो आपण आनंदाने घेतला. पण तोच अधिकार पाड्यावर नेताना आपली मूठ का आवळते?

कुणी म्हणेल, भारतीयीकरण तर केव्हाच झाले. खरे आहे. १९६९ साली भारतीय धर्माध्यक्षांनी मांडलेल्या बारा सूचनांना रोमने मान्यता दिली. त्यांत पादत्राणे बाहेर ठेवणे, जमिनीवर बसणे, नमस्कार, आरती, तेलाचा दिवा अशा गोष्टी होत्या. परंतु 'भारतीय' म्हणताना तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर देवळातील पूजाविधीच होता. दलित आणि आदिवासी ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे हाच आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. आरतीचे तबक वेदीपर्यंत पोहोचले. तारपा अजून अंगणातच उभा आहे.

आपल्या वाडवडिलांचा इतिहास आठवून पाहावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली वसईत ख्रिस्ती धर्म रुजला, त्यानंतर चार शतकांहून अधिक काळ लोटला. पण आपल्या आज्यांच्या अंगावरचे लाल लुगडे सुटले नाही, लग्नातील गाणी सुटली नाहीत, बोली सुटली नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही मराठीत आणि ओवीत. तो परदेशी माणूस आपला छंद सोडून आपल्या छंदात आला, म्हणून आज आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो. आपल्याला ओवी मिळाली. वारल्यांना मात्र आपण आपले गीतपुस्तक देऊ करतो आणि त्यालाच मिशनकार्य म्हणतो!

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की तारप्याचा नाच नारनदेव, हिरवा देव अशा जुन्या दैवतांच्या पूजेशी आणि ताडीशी जोडलेला आहे. तो वेदीजवळ कसा आणावा? आक्षेप पोरकट नाही. कुठल्या गोष्टीचा अर्थ बदलतो आणि कुठलीचा बदलत नाही, हे पारखून घ्यावेच लागते. पण पारख करायची कुणी? दोन तासांसाठी आलेल्या पाहुण्यांनी, की त्या मातीत वाढलेल्या ख्रिस्ती वारल्यांनी आणि त्यांच्यात आयुष्य घालवणाऱ्या धर्मगुरूंनी? ज्या ऑर्गनला आपण चर्चचे वाद्य मानतो, तो रोमन काळात रिंगणातील खेळांच्या वेळी वाजत असे. ख्रिस्तसभेने त्याला शतकानुशतके दूर ठेवले आणि मग आपलेसे केले. ऑर्गनला जी संधी मिळाली, ती दुधी भोपळ्याला मिळू नये असे कुठे लिहिले आहे? १९८८ साली रोमने तेव्हाच्या झाईरमधील धर्मप्रांतांसाठी आफ्रिकी वळणाच्या मिस्साविधीला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोतील सान क्रिस्तोबाल दे लास कासास धर्मप्रांतातील आदिवासींसाठी मिस्सातील विधिनृत्यासह काही अनुकूलने मान्य झाली. रोमला जे चालते, ते आपल्या गायकवृंदाला का चालू नये?

दुसरा आक्षेप असा: "त्यांनाच आपली गाणी आवडतात." आवडत असतीलही. पण ज्याच्या हातात गाठोडे आहे, त्याला 'तुमचे गाणे आवडले नाही' असे कोण सांगणार?

खरे दुखणे या गाठोड्यात आहे. मिस्साचा अखेरचा आशीर्वाद झाला, की त्याच अंगणात आपण रांग लावून कपडे वाटतो. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, याविषयी आम्हांला शंका नाही. पण रांगेतल्या माणसाला काय दिसते? आधी प्रार्थना, मग कपडा. जणू बसल्याची मजुरी. मिशनरी आमिष दाखवतात, असा आरोप करणारे आज पुष्कळ आहेत. तो आरोप खोटा ठरवण्यासाठी तिथे राहणारे धर्मगुरू आणि सिस्टर वर्षानुवर्षे शाळा चालवतात, आजाऱ्यांची सेवा करतात. आणि आपण एका दुपारच्या छायाचित्रांनी आरोप करणाऱ्यांच्या हातात पुरावा ठेवून येतो. गरजूला द्यावे, अवश्य द्यावे. पण ते मिस्साच्या दिवशी, वेदीच्या सावलीत आणि कॅमेऱ्यासमोर देऊ नये. डाव्या हाताला न कळता देण्याची प्रभूची शिकवण आपण लहानपणी पाठ केली आहे.

आता त्या भेटीतील शेवटची गोष्ट. वाटप चालले असता आमच्यातल्या एका बाईंनी एका म्हातारीला विचारले, "आजी, पाड्यावर सगळी म्हातारी माणसे आणि लहान पोरेच दिसतात. तरुण कुठे आहेत?" म्हातारी म्हणाली, "ती तर तुमच्याकडेच आहेत, वसईला."

भाताची कापणी-झोडणी उरकली आणि दिवाळी सरली, की जव्हार-मोखाड्याच्या बाजूची कुटुंबे मजुरीला बाहेर पडतात: वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, आपल्या वाड्यांमध्ये. आम्ही ज्यांच्यासोबत प्रार्थना करायला शंभर किलोमीटर गेलो होतो, ती माणसे त्या रविवारी आमच्याच गावात नाक्यावर उभी होती. त्यांत बाप्तिस्मा झालेलीही असतील. आपल्यापैकी कुणी त्यांना कधी विचारले आहे, "रविवारी मिस्साला येता का?" विचारणे दूरच, रविवारीही आपण त्यांना कामावर बोलावतो आणि स्वतः मिस्साला जातो. पाड्यावर आपण त्यांच्या हातची भाकर कौतुकाने खातो, आणि वाडीत त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवतो.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला याच गोष्टीसाठी खडसावले होते. तिथले सुखवस्तू लोक पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. असे प्रभुभोजन प्रभूचे राहतच नाही, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. करिंथकर निदान एकाच घरात जमत होते. आपण तर गरीब भाऊ दारात असताना त्याला शोधायला डोंगरात जातो.

१९४५ साली याच डहाणू-तलासरी भागातील वारली वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या प्रथेविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबायचे, अशी ती प्रथा होती. ताठ मानेने उभे राहणे काय असते, हे त्या समाजाला आपण शिकवायला नको. आपण शिकण्यासारखेच पुष्कळ आहे.

मग भेटी बंद कराव्यात काय? मुळीच नाही. पण जाताना तीन गोष्टी घरी ठेवाव्यात: फलक, कीबोर्ड आणि घाई. तिथल्या लोकांनी गावे आणि आपण ऐकावे. जमेल तसा सूर धरावा. खुर्च्या आजारी-वृद्धांसाठी ठेवून बाकीच्यांनी जमिनीवर बसावे. मिस्साचा क्रम तिथल्या धर्मगुरूंनी आणि लोकांनी ठरवावा. मुख्य म्हणजे, पाड्याची वाट धरण्याआधी आपल्या वाडीतल्या मजुराचे नाव विचारावे, त्याची मजुरी वेळेवर आणि पुरती द्यावी, रविवारी त्याला सुट्टी द्यावी, आणि तो ख्रिस्ती असेल तर मिस्सात त्याला आपल्या बाकावर आपल्याशेजारी बसवावे.

एवढे साधले, तर बस न काढताही आपली मिशन भेट घडलेली असेल. हे साधत नसेल, तर यंदाच्या आगमनकाळात आम्ही त्या बसमध्ये चढणार नाही.