न सांगितलेली आठवण

दिवाळीत अंगणात फटाका वाजतो आणि घरातले वयोवृद्ध आजोबा झोपेतून दचकून उठतात. पानात टाकलेले अन्न त्यांना पाहवत नाही. खोलीचे दार कोणी बाहेरून लावले, तर त्यांचा जीव घाबराघुबरा होतो. आपण म्हणतो, वयाबरोबर स्वभाव बदलला. परंतु आजोबा माजी सैनिक असतील आणि त्यांनी युद्धकैद भोगली असेल, तर हा केवळ स्वभाव नसून ती जागी झालेली आठवण असू शकते.

१९७१ च्या युद्धात वायुसेनेचे वैमानिक दिलीप परुळकर यांचे विमान पाडले गेले. १३ ऑगस्ट १९७२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते दोन सहकाऱ्यांसह निसटले. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली असता लंडी कोतल येथे ते पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी हे युद्धकैदी मायदेशी परतले. पलायनाची ही कथा आपण आवडीने ऐकतो. मात्र एकांत कोठडीतल्या रात्री आणि घरच्यांना आपण जिवंत असल्याचे कळले असेल का ही चिंता, यांविषयी कैद भोगलेल्या माणसाला क्वचितच कोणी विचारते.

नोकरी आणि संसाराच्या धबधग्यात अशा आठवणी दबून राहतात. निवृत्ती, जोडीदाराचा वियोग किंवा आजारपण आले की त्या पुन्हा वर येऊ शकतात. स्मृतिभ्रंशात तर कालचे विसरते आणि पन्नास वर्षांपूर्वीचे समोर उभे राहते.

शरीरही कैद विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांत निकृष्ट भातावर जगलेल्या कैद्यांना जीवनसत्त्व ब-१ च्या अभावाने बेरीबेरी झाला. काहींच्या पायांची बधिरता पुढेही टिकली. तिथे शिरलेला स्ट्राँगिलॉइडिस नावाचा आतड्यातला जंत काहींच्या शरीरात कित्येक दशकांनी सापडला. हा जंत असताना स्टेरॉइड दिल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून वडीलधारी व्यक्ती कुठे आणि किती काळ कैदेत होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सेवा करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. दुःस्वप्न पडत असताना त्यांना हलवून उठवू नये. दिवा लावून, थोडे दूर उभे राहून, नावाने किंवा नेहमीच्या संबोधनाने हाक मारावी. भ्रमात ते छावणीतच असल्यासारखे बोलले, तर वाद न घालता 'आपण घरी आहात, मी जवळ आहे' एवढेच म्हणावे. सांगण्याचा आग्रह धरू नये आणि सांगू लागल्यास मध्येच तोडू नये. 'शत्रूला मारलेत का?' असा प्रश्न मुलांना विचारू देऊ नये. झोप सतत उडत असेल, मद्याचा आधार वाढला असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब न्यावे. उतारवयातही उपचारांचा गुण येतो.

आणि आपण स्वतःच असे माजी सैनिक असाल, तर एक विनंती. घरच्यांना त्रास नको म्हणून आपण इतकी वर्षे गप्प राहिलात. आता विश्वासाच्या एका माणसापाशी, जमेल तेवढेच, बोलून पाहा. मन हलके करणे हा दुबळेपणा नव्हे.