परदेशीं इंग्रजी शिकवूं इच्छिणाऱ्यांस

इंग्रजी भाषा आमच्या या किनाऱ्यास नवी नाहीं. देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें येथें जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ हें पत्र सुरू केलें, तें मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलें जात असे. पुढें ते एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापकहि झाले. म्हणजे या मातींतला पुरुष इंग्रजी लिहूं लागला त्यास आतां जवळजवळ दोनशें वर्षें होत आलीं. असें असतां आमचा एखादा पदवीधर परदेशच्या शाळेंत इंग्रजी शिकवण्याच्या परवान्यासाठीं, म्हणजे व्हिसासाठीं, अर्ज करतो तेव्हां ‘तुला इंग्रजी किती येतें?’ हा प्रश्न मागाहून येतो. ‘तुझा पासपोर्ट कोणत्या देशाचा?’ हा आधीं येतो. या गोष्टीचा विचार विद्यार्थ्यांनीं, व त्यांहूनहि अधिक त्यांच्या पालकांनीं, वेळींच करावा असें आम्हांस वाटतें.

दक्षिण कोरियाचें उदाहरण घेऊं. तेथें परभाषा शिकवणाऱ्यास ‘ई-२’ नांवाचा व्हिसा लागतो. इंग्रजीपुरता तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांस द्यावा असा सामान्य नियम आहे. आतां गंमत पाहा. आमच्या कोंकणांतील कांहीं मुसलमान कुटुंबें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केपटाउन येथें जाऊन वसलीं, आणि त्यांचे वंशज तेथें अजूनहि ‘कोकणी’ म्हणूनच ओळखले जातात. त्या घरांतला मुलगा या नियमाच्या दृष्टीनें इंग्रजीचा जन्मजात धनी. आणि त्याच्याच पणज्याच्या गांवीं मागें राहिलेल्या भाऊबंदांचा मुलगा, मग तो विद्यापीठांत इंग्रजींत पहिला कां येईना, परका! भाषा माणसाच्या कंठांत असते कीं पासपोर्टाच्या पुठ्ठ्यांत, असा प्रश्न येथें कोणासहि पडेल.

तथापि हें दार आम्हांस अगदींच बंद आहे असें नाहीं. भारत व कोरिया यांच्यामधील आर्थिक सहकार्याचा करार १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आला. त्या करारानें पदवी व इंग्रजीच्या अध्यापनाची सनद असलेल्या भारतीयास तेथील शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवलेली आहे. ही वाट फार थोड्यांस ठाऊक असते. दलाल तर ती सांगतच नाहींत. कारण सनद मिळवावयास वेळ लागतो, आणि दलालास नेहमींच घाई असते.

जपानची अट निराळी आहे, आणि ती आमच्या मराठी शाळांस अधिक झोंबणारी आहे. तेथील शाळांत परभाषा शिकवावयाची तर त्या भाषेच्या माध्यमांतून १२ वर्षें शिक्षण झालेलें असावें लागतें. मालवण, वेंगुर्लें किंवा कणकवली येथें मराठींतून दहावी झालेला विद्यार्थी पुढें कॉलेजांत पांच वर्षें इंग्रजींतून शिकला तरी हा हिशेब पुरा होत नाहीं. हें वाचून एखादे पालक आपल्या सहा वर्षांच्या मुलास इंग्रजी शाळेंत घालावयास धांवतील, तर त्यांनीं क्षणभर थांबावें. एका परक्या देशाच्या एका कलमावरून घरच्या भाषेचा निकाल लावणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

शिवाय त्या अटीच्या मुळाशीं असलेली समजूतच आम्हांस मान्य नाहीं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यास नामामागें ‘दि’ कोठें लावावें व कोठें लावूं नये हें बिनचूक कळतें. पण तसें कां, हें विचारलें तर तो बहुधा गोंधळतो. आमच्या मुलानें तें शंभर वेळां चुकून, छडी नाहीं तरी लाल शाई सोसून, शिकलेलें असतें. जपानी व कोरियन या भाषांतहि मराठीप्रमाणेंच ‘दि’सारखा शब्द नाहीं, आणि त्यांतहि क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. तेथील मूल इंग्रजी वाक्य रचतांना कोठें ठेंचाळेल हें मालवणच्या मुलास कोणी सांगावें लागत नाहीं. शिक्षकाची निवड करतांना हा गुण कोणत्याच रकान्यांत भरतां येत नाहीं, हा दोष रकान्याचा आहे.

शिकवणाराची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरवण्याची खोड कांहीं आजची नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या, व पुढें चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत स्वतः शिकत असतां संस्कृत शिकवूं लागल्या. त्या काळीं व्हिसा नव्हता. तरीहि एका हिंदी बाईनें इंग्रज पुरुषांस शिकवावें काय, हा वाद उपस्थित झालाच, आणि बिशपांनीं त्यास हरकत घेतली. तेव्हां ही हरकत पत्रांतून उघड लिहीत. आतां ती नियमाच्या पोटीं असते, इतकाच भेद.

नियम अन्यायाचा असला तरी त्यास चुकवून जाण्याचा मार्ग मात्र आम्ही कोणास सुचवणार नाहीं. ‘आधीं पर्यटकाचा व्हिसा काढा, तेथें गेल्यावर मास्तरकीचें पाहूं’ असें जो सांगतो तो विद्यार्थ्यास तुरुंगाच्या किंवा परत पाठवणीच्या वाटेवर नेतो. सप्टेंबर २०२२ मध्यें आपल्या विदेश मंत्रालयास जाहीर इशारा द्यावा लागला, कीं थायलंडमधील नोकरीच्या आमिषानें नेलेल्या तरुणांस म्यानमारमध्यें डांबून ठेवण्यांत येत आहे. तीं मुलें अडाणी नव्हतीं. संगणक जाणणारीं होतीं. १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्यानें परदेशीं नोकरीस माणसें पाठवणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केलेली आहे, आणि त्यानें घ्यावयाच्या मोबदल्यास ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातलेली आहे. दलाल लाखाची गोष्ट बोलूं लागला कीं आंब्याची कलमें किंवा होडी गहाण टाकण्यापूर्वीं पालकांनीं त्याचा नोंदणी क्रमांक मागावा व सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या स्थळावर तो पडताळून पाहावा. खरा माणूस या मागणीनें रागावत नाहीं.

राहिली कागदपत्रांची बाब. पदवीवर प्रथम राज्य सरकारची साक्ष व नंतर विदेश मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का घ्यावा लागतो. त्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत २००५ पासून आहे, आणि जपान व कोरियाहि आहेत. जे देश त्यांत नाहींत त्यांच्या वकिलातीचा शिक्का निराळा. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कचेरीकडून मिळतो. यांत कष्ट आहेत, पण गूढ कांहीं नाहीं. अनेकांचें घोडें अडतें तें नांवापाशीं. गांवकर हें एकच आडनांव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेनें, पदवीवर दुसऱ्या व पासपोर्टवर तिसऱ्याच इंग्रजी अक्षरांनीं लिहिलेलें असतें. कोठें बापाचें नांव असतें, कोठें नसतें. मग प्रतिज्ञापत्रें करीत हिंडावें लागतें. ही दुरुस्ती विद्यार्थी शाळेंत असेपर्यंत सुलभ असते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. ज्यांचीं मुलें यंदा नववींत आहेत त्यांनीं या सुट्टींतच जन्माचा दाखला व शाळेंतील नोंद एकमेकांशीं ताडून पाहावी, आणि फरक आढळल्यास दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीं शाळेच्या कचेरींत येऊन भेटावें.