बक्षीस कोणाचे?



मी अनेक वर्षे शिक्षकाचे काम केले आणि अखेर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. त्या दीर्घ काळात मी मुलांना पुष्कळ धडे दिले. परंतु एक धडा मात्र एका मुलीनेच मला दिला. तोच आज तुम्हांला सांगावयाचा आहे.

२०१५ हे साल मराठवाड्याला फार जड गेले. पावसाने पाठ फिरविली. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावची नदी हिवाळ्यातच आटली, विहिरींचे तळ उघडे पडले आणि दावणीच्या जनावरांना चारा कोठून आणावा, या विवंचनेत शेतकरी पडले. अशा दिवसांतच शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आल्या. धावण्याच्या शर्यतीसाठी गावातील एका सद्‌गृहस्थांनी पाचशे रुपयांचे बक्षीस ठेवले होते. ती शर्यत सातवीतील एका मुलीने जिंकली. ती मजुराची मुलगी होती आणि अनवाणी धावली होती.

बक्षीस समारंभात मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले, "आपले सर्व विजेते आपापली बक्षिसे जनावरांच्या चाऱ्यासाठी अर्पण करीत आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझाही ऊर भरून आला. कार्यक्रम आटोपल्यावर ती मुलगी माझ्यापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, ते पैसे माझे होते ना? मग मला एकदा विचारलं का नाही?"

मला उत्तर सुचले नाही. दान करणे चांगले, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. मग माझ्या हातून चूक कोणती घडली? त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आणि विचार करताना मला काही वर्षांपूर्वी वाचलेली एक हकीकत आठवली.

गोल्फ नावाचा एक खेळ आहे. विस्तीर्ण हिरवळीवर लांब दांड्याने लहानसा चेंडू फटकावीत न्यावयाचा आणि दूरवरच्या एकेका खळग्यात पाडावयाचा. कमीत कमी फटक्यांत जो हे साधतो, तो जिंकला. आपल्या भागात हा खेळ तुम्ही क्वचितच पाहिला असेल. तथापि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक ही या खेळात चौथी आली आणि तिचे पदक थोडक्यात हुकले, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल.

अमेरिकेत १९५० साली तेरा स्त्री-खेळाडूंनी एकत्र येऊन व्यावसायिक स्त्री-गोल्फपटूंची संघटना स्थापन केली. व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याचा चरितार्थ खेळावरच चालतो असा खेळाडू. त्या संस्थापिकांच्या गौरवार्थ २०११ च्या मार्च महिन्यात ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे तीन दिवसांची एक स्पर्धा भरली. तिचा नियम जगावेगळा होता. विजेतीलाही स्वतःसाठी एक पैसा मिळावयाचा नव्हता. एकूण दहा लाख डॉलर दानासाठी ठरले होते. त्यांतील निम्मी रक्कम लहान मुलींना गोल्फ शिकविण्याच्या कार्याला आणि निम्मी रक्कम पहिल्या दहा क्रमांकांच्या खेळाडू सांगतील त्या लोकोपयोगी संस्थांना जावयाची होती.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी, ११ मार्च रोजी, जपानमध्ये भीषण भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटांनी गावेच्या गावे धुऊन नेली. स्पर्धेत जपानी मुलीही खेळत होत्या. त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची तुम्हीच कल्पना करा. अखेर २० मार्च रोजी ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब ही केवळ एका फटक्याच्या आघाडीने जिंकली. तिच्या वाट्याला आलेले दोन लाख डॉलर तिच्या इच्छेप्रमाणे जपानमधील आपद्‌ग्रस्तांना आणि पक्षाघाताने पंगू झालेल्यांसाठी झटणाऱ्या एका संस्थेला विभागून देण्यात आले.

गोष्ट येथेच संपविली, तर ती ऐकावयास गोड वाटेल. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ही योजना जाहीर झाली, तेव्हा तिच्यावर टीकाही झाली होती. प्रवासाचा, मुक्कामाचा आणि साहित्य वाहणाऱ्या मदतनिसाचा खर्च हे खेळाडू स्वतःच करतात. अग्रभागी चमकणाऱ्या खेळाडूंना तो जड जात नाही. पण मागच्या क्रमांकांवर धडपडणाऱ्या मुलींचे काय? शिवाय पुरुष खेळाडूंच्या बक्षिसांपुढे स्त्रियांची बक्षिसे मुळातच किती लहान! पुरुष बक्षिसासाठी खेळणार आणि स्त्रियांनी मात्र धर्मार्थ खेळावयाचे, हा न्याय कोणता? पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१२ साली, त्या स्पर्धेत पुन्हा खेळाडूंना बक्षिसे मिळू लागली.

मला विचाराल, तर हा आक्षेप मला रास्त वाटतो. स्त्रीचे श्रम फुकट घ्यावयाची सवय जगाला फार जुनी आहे. आपल्याच घरात पाहा. पहाटेपासून रात्रीपर्यंत आई राबते, तिच्या कामाचा हिशेब कोणी ठेवतो का? कापसाच्या वेचणीला गेलेली बाई दिवसभर वाकून बोंडे वेचते. तिची मजुरी तिच्या हातात न देता कोणी परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली आणि वर तिची वाहवा केली, तर त्याला आपण दान म्हणू का? मुळीच नाही.

मग फिनिक्स येथील त्या खेळाडूंचे करणे व्यर्थ होते काय? तसेही नाही. त्या स्पर्धेला येणे कोणावर सक्तीचे नव्हते. नियम काय आहे, हे आधीच सर्वांना ठाऊक होते; आणि पहिल्या दहांना आपल्या यशाचे फळ कोणाला द्यावे, हे स्वतः ठरविता आले. ज्या समजून उमजून आल्या, त्यांनी दिलेले दान खरे होते. माझ्या शाळेतील समारंभात नेमकी हीच गोष्ट घडली नव्हती.

आता दूरदेशीचे उदाहरण सोडून घरचे घेऊ. मुंबईत २००४ सालापासून मोठी मॅरेथॉन शर्यत भरते. तिचे पूर्ण अंतर ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक असते. २०१७ साली या शर्यतीत भारतीय स्त्रियांमध्ये पहिली आली ती आपल्या परभणीची ज्योती गवते. तिला सुमारे २ तास ५१ मिनिटे लागली. विचार करा, परभणीहून पूर्णेच्याही पलीकडे जाईल एवढे अंतर तिने तीन तासांच्या आत पायांनी तोडले!

त्याच रस्त्यावर, त्याच सकाळी आणखी हजारो लोक धावत असतात. त्यांतील कित्येक जण अनाथ मुलांसाठी, रुग्णांसाठी, शिक्षणसंस्थांसाठी देणग्या गोळा करून धावतात. त्यांचा चरितार्थ नोकरीवर किंवा व्यापारावर चालतो. म्हणून ते आपले धावणे परोपकाराला देऊ शकतात. जी धावपटू वर्षानुवर्षे पहाटे उठून सराव करते, जिची पादत्राणे झिजतात, जिला सकस आहार हवा असतो, तिने बक्षीस घरी न्यावे, यात उणेपणा कसला? तिचे बक्षीस ही भिक्षा नव्हे. ती तिच्या घामाची मजुरी आहे. एकाच शर्यतीत कोणी दानासाठी धावतो, कोणी बक्षिसासाठी धावतो. आणि दोघेही मानाचे मानकरी ठरतात.

आपल्या महाराष्ट्राला व्यवसाय आणि परोपकार यांची ही सांगड नवी नाही. लोकमान्य टिळक १९२० साली निवर्तले. त्यांच्या नावाने स्वराज्यासाठी निधी जमविण्यात येऊ लागला. तेव्हा बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन नामांकित नाटक मंडळ्या होत्या. दोघींची चढाओढ सर्वांच्या परिचयाची होती. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांनी मिळून 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला देण्यात आले. नाटक हेच त्या दोघांचे पोट होते. पण त्या एका रात्रीची कमाई त्यांनी आपखुशीने देशाच्या ओंजळीत टाकली. म्हणूनच शंभर वर्षे लोटली, तरी तो प्रयोग मराठी माणसाच्या स्मरणात राहिला आहे.

यावर तुमच्यापैकी एखादा चौकस मुलगा विचारील, "प्रत्येकाने आपला हक्कच धरून बसावयाचे ठरविले, तर संकटात सापडलेल्याला मदत कोण करणार?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मला त्या मुलीनेच दिले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी सर्वांसमोर माझी चूक कबूल केली. मुख्याध्यापकाने चूक कबूल केली म्हणून त्याची उंची कमी होत नाही, हेही मला त्या दिवशी कळले. विजेत्यांना एकेक करून पुढे बोलाविले आणि ज्याचे बक्षीस त्याच्या हाती दिले. निधीची पेटी व्हरांड्यातील मेजावर ठेवली. कोणाला काही टाकण्याची इच्छा असल्यास टाकावे. न टाकणाऱ्याला कोणी बोल लावू नये, एवढेच सांगितले.

मधल्या सुटीत ती मुलगी पेटीपाशी आली. पाचशे रुपयांची नोट तिने दुकानातून मोडून आणली होती. तिने शंभराच्या दोन नोटा पेटीत टाकल्या. उरलेले तीनशे पदराच्या गाठीला बांधावेत तसे रुमालात घट्ट बांधले आणि मला म्हणाली, "गुरुजी, यातनं पायांत घालायला चपला घेणार आहे."

आदल्या दिवशी मी तिच्या नावाने पाचशे रुपये दिले होते, ते दान नव्हते. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने दोनशे रुपये दिले, ते मात्र दान होते. मुलांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी खेळाडू होईल, कोणी कलावंत, कोणी कारागीर. तुम्ही आपल्या गुणांचे फळ दुसऱ्याच्या दुःखासाठी अवश्य द्या. परंतु दुसऱ्याच्या कष्टांचे फळ वाटून स्वतः दानशूर म्हणवून घेऊ नका. आणि कोणाकडून काही मागताना त्याला आधी विचारावयास विसरू नका.