वारशाचा खर्च कोणाच्या माथी?

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरील आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. मान शहराला मिळाला. डागडुजीचा भार मात्र तिथल्या मालक-रहिवाशांवरच आहे. बहुतेक बांधकाम १९३०च्या दशकातले, आरसीसीचे. समुद्राची खारी हवा आतल्या सळया गंजवते, गंज फुगतो आणि छज्जे तडकतात. वरून गिलावा चढवून भागत नाही. सळई उघडी करून गंज काढावा लागतो. जुन्या खिडक्या दुरुस्त करण्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या बसवणे सोपे पडते, आणि तिथेच दर्शनी रूप हरवते. १९९५च्या वारसा नियमावलीने अशा बदलांना परवानगीची अट घातली, ते योग्यच. पण अटीसोबत पैसाही हवा. मूळ रूप राखून दुरुस्ती करणाऱ्या इमारतींना महापालिकेने मालमत्ता करात ठोस सवलत द्यावी.